शेअर्ड पीसीवर काही यूजरसाठी बंद केलेले मेनू परत परत उघडतात : समस्या निवारण

एक पीसी आणि वापरणारे आठ-दहा जण. त्यातल्या काही जणांना कंट्रोल पॅनल, रन, टास्क मॅनेजर असल्या गोष्टी उघडता येऊ नयेत म्हणून आपण सेटिंग करून ठेवतो, चार दिवस नीट चालतं, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की ते परत उघडतंय. किंवा बरोबर उलटं होतं, ज्याच्यासाठी बंद केलं त्याला सगळं चालू आणि ॲडमिनलाच काही उघडेना. मी हा बिघाड बरीच वर्षं निस्तरतोय, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या मशीनवर, आणि बहुतेक वेळा विंडोज बिघडलेलं नसतं. सेटिंग चुकीच्या माणसाच्या नावावर लागलेलं असतं, नाहीतर आपण फक्त मेनू लपवलेला असतो आणि तिथे जायच्या बाकीच्या वाटा उघड्याच राहिलेल्या असतात.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे, लिनक्सचं शेवटाकडे थोडक्यात आहे. क्रम सोप्यापासून अवघडाकडे आहे, तो मोडू नका, कारण पहिल्या तीन तपासण्यांना मिळून दहा मिनिटं लागतात आणि माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपल्यात.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

- सेटिंग केलं, सेव्ह केलं, पण त्या यूजरला काहीच फरक नाही.
- सेटिंग लागलं, पण सगळ्यांना लागलं, ॲडमिनलासुद्धा. कंट्रोल पॅनल उघडायला गेलं की या कॉम्प्युटरवरच्या निर्बंधांमुळे हे रद्द केलंय असा मेसेज येतो.
- एका यूजरला बरोबर लागलं, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचं अकाउंट वरवर सारखंच दिसतं.
- स्टार्ट मेनूतून गोष्ट गायब आहे, पण सर्चमधून, डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून किंवा फोल्डरमध्ये जाऊन उघडतेच.
- महिनोन् महिने नीट होतं, मग एक दिवस अचानक सगळं मोकळं.
- तुम्ही काहीच केलेलं नाही आणि तरी टास्क मॅनेजर किंवा रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतली सेटिंग्ज बदलायचं टूल) बंद आहे. हे शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी बोलतो, पण हे तुमचं असेल तर खालचं काहीही न करता थेट शेवटी जा.

तपासणी १ : तो यूजर नक्की कोण आहे

हसू नका, पहिल्यांदा हेच बघायचं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन त्या माणसाचं अकाउंट स्टँडर्ड आहे की ॲडमिनिस्ट्रेटर ते बघा. कधीतरी एखादं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, पासवर्ड सारखा विचारत होतं, म्हणून कोणीतरी त्याला तात्पुरतं ॲडमिन केलं आणि परत काढायचं राहून गेलं, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. ॲडमिन असलेल्या माणसावर तुम्ही घातलेलं बंधन तो स्वतः दोन मिनिटांत काढू शकतो, त्यामुळे तो ॲडमिन आहे तोवर पुढच्या सगळ्या तपासण्या वाया.

आणि दुसरी गोष्ट, सगळेजण एकाच अकाउंटने लॉगिन करत असतील तर 'काही यूजरसाठी' हा प्रकारच शक्य नाही. विंडोजला खुर्चीत कोण बसलंय ते कळत नाही, फक्त अकाउंट कळतं. तेव्हा आधी वेगळी अकाउंट्स करा. ज्यांना पूर्ण मोकळीक हवी त्यांचं एक, ज्यांना कमी हवी त्यांचं वेगळं. मशीन सांभाळणाऱ्याचं ॲडमिन अकाउंट रोजच्या कामाला वापरूच नका, आणि अजून एक जादा ॲडमिन अकाउंट करून, पासवर्ड कागदावर लिहून, सुरक्षित जागी ठेवून द्या. हे जादा अकाउंट पुढे तुम्हाला वाचवणार आहे.

तपासणी २ : पूर्ण साइन आउट केलं का

स्क्रीन लॉक करून परत उघडणं म्हणजे साइन आउट नाही. स्विच यूजर पण नाही, त्यात जुनं सेशन मागे तसंच चालू राहतं. मेनूंची बरीचशी बंधनं एक्सप्लोरर (स्टार्ट मेनू, टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) सुरू होताना वाचतो, म्हणजे तुम्ही सेटिंग केलं तेव्हा तो यूजर आधीपासून लॉगिन असेल तर त्याला जुनंच दिसत राहणार. साइन आउट, परत साइन इन, मग बघा.

ग्रुप पॉलिसी (कोणाला काय वापरता येईल याची विंडोजमधली नियमावली) स्वतःहून पण रिफ्रेश होते, पण दर ९० मिनिटांनी, आणि त्यावर ३० मिनिटांपर्यंत उशीर, त्यामुळे वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्या यूजरच्या लॉगिनमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'जीपीअपडेट' ही कमांड 'स्लॅश फोर्स' लावून (gpupdate /force) चालवा. तो फोर्स महत्त्वाचा आहे, का ते तपासणी ७ मध्ये येईल.

तपासणी ३ : विंडोजची एडिशन कुठली

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे होम लिहिलंय की प्रो ते बघा. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर येत नाही, तो प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये असतो. होमवर तो एडिटर जबरदस्तीने बसवायची एक बॅच फाईल सगळीकडे फिरत असते, मी ती वापरत नाही आणि कोणाला वापरा म्हणत पण नाही, कारण खिडकी उघडते, सेटिंग सेव्ह झाल्यासारखं दिसतं आणि लागू मात्र धड होत नाही, मग माणूस दोन दिवस कारण शोधत बसतो. होमवर रजिस्ट्रीतून काम होतं, त्याची स्वतःची एक मोठी खोच आहे, ती तपासणी ५ मध्ये.

तपासणी ४ : पॉलिसी कुठल्या थरात लिहिलीये

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण 'सगळ्यांनाच लागलं' आणि 'कोणालाच लागलं नाही' या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच असतं.

रनमध्ये (विंडोज की आणि आर) जीपीएडिट डॉट एमएससी (gpedit.msc) टाइप करून जो एडिटर उघडतो त्यात यूजर कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही जे काही करता ते त्या मशीनवरच्या प्रत्येक यूजरला लागतं. ॲडमिनला पण. तिथे वर कुठेही तसा इशारा नसतो, त्यामुळे माणसाला वाटतं की आपण फक्त यूजरसाठी केलंय.

विंडोज व्हिस्टापासून लोकल पॉलिसीचे तीन थर आहेत. पहिला सगळ्या कॉम्प्युटरचा, दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर्स किंवा नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सचा, तिसरा एकेका यूजरचा. याच क्रमाने ते लागतात आणि भांडण झालं तर शेवटचा जिंकतो. म्हणजे नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सला कंट्रोल पॅनल बंद आणि एखाद्या यूजरच्या स्वतःच्या थरात ते उलटं लिहिलेलं असेल तर त्याला उघडणार. दोन सारख्या अकाउंटमध्ये फरक दिसतो तो यामुळे.

दुसरा आणि तिसरा थर जीपीएडिटने उघडत नाही. त्यासाठी रनमध्ये एमएमसी टाइप करा, फाईल मेनूत ॲड ऑर रिमूव्ह स्नॅप-इन, तिथून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर घ्या, ब्राउझ दाबा, आणि यूजर्स नावाच्या टॅबवर जा. तिथे अकाउंट्सची यादी येते आणि प्रत्येकासमोर त्याची पॉलिसी आहे की नाही ते येस-नो मध्ये लिहिलेलं असतं. ही यादी आधी बघा. जिथे नो अपेक्षित आहे तिथे येस दिसलं तर कोणीतरी आधी हात घातलेला आहे.

यात तुम्हाला स्वतः बनवलेला ग्रुप निवडता येत नाही. 'रात्रपाळीवाले' असा ग्रुप करून त्यालाच पॉलिसी लावू असं डोमेन (संस्थेच्या सर्व्हरवरून होणारं सगळ्या मशीनचं नियंत्रण) नसलेल्या साध्या मशीनवर होत नाही, एकतर सगळे नॉन-ॲडमिन नाहीतर एकेक यूजर. पाच-सहा यूजरना लावायचं असेल तर मी नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या थरात बंद करतो आणि ज्या एखाद्याला सूट द्यायची त्याच्या थरात मोकळं करतो, त्यात चुका कमी होतात.

अजून एक, शब्दांची गल्लत. पॉलिसीचं नाव 'प्रोहिबिट ॲक्सेस टू कंट्रोल पॅनल अँड पीसी सेटिंग्ज' असं आहे. ही एनेबल केली की कंट्रोल पॅनल बंद होतं. डिसेबल केली की उघडतं. 'मला कंट्रोल पॅनल डिसेबल करायचंय' असं मनात धरून माणूस डिसेबल निवडतो आणि नेमकं उलटं होतं. नाव पूर्ण वाचा, मग एनेबल म्हणजे काय होईल ते तोंडाने एकदा म्हणा, मग क्लिक करा. आणि बंधन काढायचं असेल तर डिसेबल नाही, नॉट कॉन्फिगर्ड निवडायचं, कारण डिसेबल हा सुद्धा एक हुकूमच आहे आणि तो आधीच्या थराला मोडून काढतो.

तपासणी ५ : रजिस्ट्री कोणाची बदलली

होम एडिशनवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. आणि इथून पुढे प्रत्येक बदलाआधी ती 'की' (रजिस्ट्रीतला फोल्डर) एक्स्पोर्ट करून ठेवा, उजवं क्लिक करून एक्स्पोर्ट, एवढंच.

होतं असं की यूजरच्या लॉगिनमध्ये बसून तुम्ही रजिस्ट्री एडिटर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडता, तो पासवर्ड विचारतो, तुम्ही ॲडमिनचा पासवर्ड देता, करंट यूजर नावाच्या शाखेत जाऊन व्हॅल्यू टाकता आणि यूजरला काहीच फरक पडत नाही. उलट पुढच्या वेळी ॲडमिनने लॉगिन केलं की त्याचं कंट्रोल पॅनल बंद! कारण ॲडमिनचा पासवर्ड देऊन उघडलेला एडिटर ॲडमिनच्या नावावर चालतो, त्याच्यासाठी करंट यूजर म्हणजे ॲडमिन. खुर्चीत कोण आहे त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हे माहीत नसताना माझी एक अख्खी दुपार गेली होती, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

बरोबर पद्धत अशी. यूजरला पूर्ण साइन आउट करा. ॲडमिनने लॉगिन करून रजिस्ट्री एडिटर उघडा, 'एचकी यूजर्स' (HKEY_USERS) ही शाखा निवडा, फाईल मेनूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाईल), आणि त्या यूजरच्या फोल्डरमधली एनटीयूजर डॉट डॅट (NTUSER.DAT) ही लपलेली फाईल द्या. ती काहीतरी तात्पुरतं नाव मागेल, द्या. आता त्या नावाखाली त्याची रजिस्ट्री दिसेल, तिथे बदल करा. आणि झालं की त्याच नावावर उभं राहून अनलोड हाइव्ह करायचंच करायचं. हे विसरलात आणि तो यूजर लॉगिन करायला आला तर त्याचं प्रोफाइल लोड होत नाही, तात्पुरतं प्रोफाइल उघडतं, डेस्कटॉप कोरा दिसतो, आणि त्या माणसाला वाटतं आपल्या सगळ्या फायली गेल्या. फायली जात नाहीत, पण त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये त्याने नवीन काही सेव्ह केलं तर ते मात्र साइन आउट करताना खरंच पुसलं जातं.

व्हॅल्यू कुठे टाकायची यात पण फसगत होते, कारण सगळं एका जागी नाही. कंट्रोल पॅनल बंद करणारी नोकंट्रोलपॅनल (NoControlPanel) आणि रन बंद करणारी नोरन (NoRun) या करंट व्हर्जनच्या आतल्या पॉलिसीज या कीमधल्या एक्सप्लोररमध्ये जातात. टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करणाऱ्या व्हॅल्यू शेजारच्या सिस्टिम नावाच्या कीमध्ये. कमांड प्रॉम्प्टची तर तिसरीच जागा, सॉफ्टवेअरच्या खालच्या वेगळ्या पॉलिसीज शाखेत. सगळ्या डीवर्ड, ३२ बिट, किंमत १. की नसेल तर बनवायची. चुकीच्या कीमध्ये टाकलेली व्हॅल्यू काही एरर देत नाही, नुसती पडून राहते.

तपासणी ६ : मेनू लपवलाय की वाट बंद केलीये

स्टार्ट मेनूतला शॉर्टकट काढून टाकला म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. सगळ्यांचे सामाईक शॉर्टकट प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये असतात, प्रत्येक यूजरचे वेगळे त्याच्या ॲपडेटामध्ये. सामाईक जागेतून काढला तर सगळ्यांचाच जातो, आणि प्रोग्रामचा पुढचा अपडेट आला की इन्स्टॉलर तो परत आणून ठेवतो. 'दर महिन्याला परत येतंय' या तक्रारीचं हे अगदी ठरलेलं कारण.

'डोन्ट रन स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स' ही पॉलिसी पुष्कळ जण लावतात. ती फक्त फाईल एक्सप्लोररने सुरू केलेल्या प्रोग्रामना अडवते. टास्क मॅनेजरमधून किंवा कमांड प्रॉम्प्टमधून तोच प्रोग्राम सुरू केला तर ती मधे येत नाही, आणि ती फाईलच्या नावावर चालते त्यामुळे नाव बदललेली कॉपी पण चालून जाते. तसंच ड्राइव्हचं. 'हाइड' वाली पॉलिसी फक्त चिन्ह लपवते, ॲड्रेस बारमध्ये अक्षर टाइप केलं की ड्राइव्ह उघडतो, त्याला 'प्रिव्हेंट ॲक्सेस' वाली वेगळी पॉलिसी आहे. कमांड प्रॉम्प्ट बंद केला तर पॉवरशेल उघडाच राहतो, त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

म्हणून मी काय करतो, त्या यूजरच्या लॉगिनने स्वतः बसतो आणि एकेक वाट चालून बघतो. स्टार्ट मेनू, सर्च, विंडोज की आणि आर, फोल्डरचा ॲड्रेस बार, टास्कबारवर पिन केलेलं, डेस्कटॉपवर उजवं क्लिक, टास्क मॅनेजरमधलं रन न्यू टास्क, आणि कुठल्याही प्रोग्राममधली फाईल ओपन करायची खिडकी. ही शेवटची सगळे विसरतात, त्या खिडकीत उजवं क्लिक करून बरंच काही उघडता येतं.

प्रोग्रामच्या फोल्डरला डिनाय परमिशन लावून पण काम होतं, फक्त ती त्या एका यूजरच्या किंवा बनवलेल्या ग्रुपच्या नावावर लावा. एव्हरीवनला डिनाय लावलात तर त्यात तुम्ही पण आलात, कारण डिनाय हा अलाऊच्या वर बसतो.

आणि मनापासून एक सांगायचंय. बंद करायला बसलं की सगळंच बंद करावंसं वाटतं, ते करू नका. अख्खं कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज बंद केलं की ज्याला नीट दिसत नाही त्याला अक्षरं मोठी करता येत नाहीत, कोणाला आवाजाचं आउटपुट बदलता येत नाही, प्रिंटर अडकला तर रांग बघता येत नाही, आणि मग तो माणूस गुपचूप दुसऱ्याच्या लॉगिनने काम करायला लागतो, म्हणजे तुमची सगळी व्यवस्था तिथेच कोसळली. त्यापेक्षा 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' नावाची पॉलिसी बघा. तिच्यात हाइड लिहून फक्त नको ती पानं लपवता येतात, किंवा शोओन्ली लिहून हवी तेवढीच ठेवता येतात. मी डिस्प्ले, साउंड आणि ॲक्सेसिबिलिटी कायम उघडं ठेवतो. कोणती बंधनं आहेत आणि का आहेत ते वापरणाऱ्यांना आधी सांगितलं की निम्मे प्रयोग थांबतात, हा माझा अनुभव आहे.

तपासणी ७ : नीट चालत होतं आणि अचानक गेलं

तीन कारणं मला वारंवार सापडलीत.

पहिलं, अकाउंट डिलीट करून त्याच नावाने परत बनवलं. आपल्याला नाव सारखं दिसतं पण विंडोज माणूस ओळखतो तो एसआयडी नावाच्या लांबलचक नंबरवरून, आणि नवीन अकाउंटला नवीन एसआयडी मिळतो. एकेका यूजरची पॉलिसी सिस्टिम३२ मधल्या ग्रुपपॉलिसीयूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये एसआयडीच्याच नावाने ठेवलेली असते, ती जुन्या नंबरवर अनाथ पडून राहते. 'हू ॲम आय' कमांडला 'स्लॅश यूजर' लावून (whoami /user) चालवा, जो नंबर येईल त्या नावाचा फोल्डर तिथे आहे का बघा. नसेल तर पॉलिसी परत करावी लागणार. नुसतं नाव बदललं तर एसआयडी बदलत नाही, तेव्हा शक्य असेल तिथे डिलीट करण्याऐवजी रिनेम करा.

दुसरं, क्लीनर किंवा अँटिमालवेअर टूल. व्हायरस बऱ्याचदा टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करतात, म्हणून अशी काही टूल्स ही बंधनं दिसली की त्यांना बिघाड समजून 'दुरुस्त' करतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मग ग्रुप पॉलिसी ती परत का लावत नाही? कारण पॉलिसीत बदल झाला नसेल तर नेहमीच्या रिफ्रेशमध्ये विंडोज तो भाग परत लिहीतच नाही, त्याच्या लेखी काम आधीच झालेलं असतं. फोर्स लावून जीपीअपडेट चालवलं की लिहितो, म्हणून वर फोर्सवर जोर दिला होता. कायमचा उपाय दोन ठिकाणी आहे. त्या टूलच्या अपवादांच्या यादीत ही सेटिंग्ज टाका, आणि कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिमखाली ग्रुप पॉलिसीमध्ये 'कॉन्फिगर रजिस्ट्री पॉलिसी प्रोसेसिंग' एनेबल करून त्यातला बदल झाला नसला तरी प्रोसेस करा हा पर्याय टिक करा.

तिसरं, कोणीतरी विंडोज रीसेट केलं. तिथे शोधत बसण्यासारखं काही नाही, परत सगळं करावं लागतं. म्हणून काय काय लावलंय त्याची एक वही ठेवा, तारीख, यूजर, पॉलिसीचं नाव, कुठल्या थरात.

तपासणी ८ : रिपोर्ट काढा

इतकं करून पण उलगडत नसेल तर त्या यूजरच्या लॉगिनमध्ये 'जीपीरिझल्ट' कमांड 'स्लॅश आर' लावून (gpresult /r) चालवा. कोणत्या पॉलिसी लागू झाल्या आणि कोणत्या गाळल्या त्याची यादी येते. 'स्लॅश एच' आणि पुढे फाईलचं नाव दिलं तर ब्राउझरमध्ये वाचता येईल असा रिपोर्ट बनतो.

यात डोमेनच्या पॉलिसी दिसल्या, किंवा सेटिंग्जमध्ये ॲक्सेस वर्क ऑर स्कूलमध्ये मशीन कुठल्या संस्थेला जोडलेलं दिसलं, तर तुमचं लोकल सेटिंग आणि संस्थेचं सेटिंग भांडतायत. डोमेनची पॉलिसी लोकलनंतर लागते, त्यामुळे तीच जिंकणार. इथे हात आवरा आणि संस्थेच्या ॲडमिनशी बोला.

तपासणी ९ : ॲपलॉकर

प्रोग्राम खरोखर अडवायचा असेल, कुठूनही सुरू केला तरी, तर ॲपलॉकर, म्हणजे कोणाला कुठला प्रोग्राम चालवता येईल याचे नियम करायचं विंडोजचं साधन. ताकदवान आहे आणि म्हणूनच शेवटी ठेवलंय. नियम केले पण काहीच अडत नाही अशी तक्रार असेल तर आधी ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सर्व्हिस चालू आहे का बघा, ती बंद असेल तर सगळे नियम नुसते कागदावर. विंडोज १० पासून ती सर्व्हिसेसच्या खिडकीतून ऑटोमॅटिक करता येत नाही, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एससी कॉन्फिग (sc config) या कमांडने करावी लागते.

उलटी तक्रार, म्हणजे सगळंच अडलं, ही जास्त धोक्याची. एखाद्या प्रकारात एक जरी नियम केला की ज्याला परवानगी दिलेली नाही ते सगळं अडतं. म्हणून सुरुवातीलाच क्रिएट डिफॉल्ट रूल्स करायचं, त्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नको त्या प्रोग्रामसाठी त्या यूजरच्या नावाने डिनायचा नियम. आणि आठवडाभर फक्त ऑडिट ओन्लीवर ठेवायचं, म्हणजे अडवत नाही, नुसती नोंद होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲपलॉकरच्या लॉगमध्ये ८००३ नंबर म्हणजे 'लागू असता तर अडवलं असतं', ८००४ म्हणजे 'अडवलं'. ८००३ मध्ये रोजच्या कामाचे प्रोग्राम दिसत नाहीत याची खात्री झाली की मगच एन्फोर्स.

लिनक्सवर असाल तर

तिथे मेनूतली प्रत्येक नोंद म्हणजे एक डॉट डेस्कटॉप फाईल. यूएसआरखालच्या शेअरमधली फाईल बदलून नोडिस्प्ले ट्रू केलं तर पॅकेजचा अपडेट ती परत लिहून टाकतो, म्हणून तसं करू नका, तिची कॉपी यूएसआर लोकलखालच्या शेअरमध्ये, ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ठेवून ती बदला, ती आधी वाचली जाते आणि अपडेट तिला हात लावत नाही. पण हे पण लपवणंच झालं, आणि यूजर स्वतःच्या होममध्ये आपली फाईल ठेवून ते उलटवू शकतो. खरं बंद करायचं तर प्रोग्रामवर ग्रुप आणि परमिशन ७५० (मालक आणि त्या ग्रुपशिवाय कोणालाच चालवता येत नाही) लावा, डेबियन-उबंटूवर ती अपडेटनंतर टिकावी म्हणून डीपीकेजी स्टॅटओव्हरराइड (dpkg-statoverride) या कमांडने नोंदवा. ग्नोम या डेस्कटॉपची सेटिंग्ज लॉक करत असाल तर दोन गोष्टी सुटतात, एक म्हणजे रूट म्हणून डीकॉन्फ अपडेट (dconf update, डीकॉन्फ म्हणजे ग्नोमच्या सेटिंग्जचा साठा) चालवायचं राहतं, दुसरं म्हणजे डीकॉन्फच्या प्रोफाइल फाईलमध्ये सिस्टिम डेटाबेसची ओळच नसते, मग लॉक कोणी वाचतच नाही.

कुठे थांबायचं

खालच्यापैकी काहीही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका, जाणकार माणसाला बोलवा.

तुम्ही न लावलेली बंधनं दिसतायत, किंवा काढली की तासाभरात परत येतायत. हे मालवेअर असू शकतं. मशीन नेटवर्कवरून काढा, त्यावर कुठलाही पासवर्ड टाइप करू नका.

यूजरला तात्पुरतं प्रोफाइल येतंय आणि दोनदा रीस्टार्ट करून पण जात नाही. प्रोफाइलच्या रजिस्ट्रीत अंदाजाने डिलीट करत बसाल तर डेटा खरंच जाईल.

एकाही ॲडमिन अकाउंटने आत जाता येत नाही, किंवा बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागतोय आणि ती कोणाकडे नाही.

ॲपलॉकर एन्फोर्स केल्यावर डेस्कटॉप धड येत नाही आणि जादा ॲडमिन अकाउंटनेही तीच गत आहे.

त्या पीसीवर लोकांच्या तब्येतीच्या, पैशाच्या किंवा परीक्षेच्या नोंदी आहेत. अशा मशीनवर मी स्वतःसुद्धा एकट्याने बंधनं लावत नाही, ज्याची जबाबदारी आहे त्याला शेजारी बसवतो.

बोलावलेल्या माणसाला तीन गोष्टी हातात द्या, म्हणजे त्याचा वेळ वाचेल : जीपीरिझल्टचा रिपोर्ट, अकाउंट्सची यादी आणि त्यातलं कोण ॲडमिन आहे ते, आणि शेवटचं नीट कधी चालत होतं आणि त्यानंतर मशीनवर काय काय झालं ते. अपडेट, नवीन सॉफ्टवेअर, नवीन अकाउंट, जे आठवेल ते सगळं.